गारगोटी? हातोडा खाली ठेवा!

आजचा विषय थेट पायाखालचा. आपल्या सुरगाण्याचे डोंगर म्हणजे काळा कातळ, बेसॉल्ट. अशा कातळात विहीर खणताना कधी पांढरे, चमकणारे खडे दिसले, की आपण ‘गारगोटी’ म्हणून फेकून देतो. जरा थांबा!

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला. तो थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपणाऱ्या पाण्यातल्या क्षारांपासून त्यांत स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही त्यातली झिओलाइट कुटुंबातली भावंडं.

झिओलाइट म्हणजे ‘उकळणारा दगड’. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी तो तापवला, तर आतल्या पाण्याची वाफ निघाली! कारखान्यात बनवलेला झिओलाइट आज कपड्यांच्या पावडरमध्ये असतो. तो पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतो, म्हणून जड पाण्यातही कपडे नीट निघतात.

मग अंगठीत बसवायचा का? नको. स्टिल्बाइटचा कठीणपणा १० पैकी फक्त ३.५ ते ४, चाकूनेही ओरखडा पडतो. कुणी ‘नशिबाचा खडा’ म्हणून विकला, तर पैसे खिशातच ठेवा.

याची खरी किंमत अख्ख्या गुच्छाला. क्रशरमध्ये गेला की उरते नुसती खडी. म्हणून सापडला तर ठोकू नका, आधी फोटो काढा, मग कागदात गुंडाळून ठेवा. आणि असे अख्खे गुच्छ बघायचे असतील, तर आपल्याच जिल्ह्यात सिन्नरला ‘गारगोटी’ संग्रहालय आहे. एकदा जाऊन याच!