हळदीने कॅन्सर बरा होतो का? रंगद्रव्य आणि प्रकाशाचा उपचार समजून घेऊ

'हळदीने कॅन्सर बरा होतो, संशोधनाने सिद्ध झाले आहे,' असे मेसेज आपल्या वस्त्यांमधील ग्रुपवर सतत फिरतात. संशोधन चालू आहे, हे खरे. पण ते नेमके काय सांगते, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

काही रंगद्रव्ये प्रकाश शोषून ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतात. तो ऑक्सिजन अतिक्रियाशील होऊन आजूबाजूच्या पेशी मारतो. 1900 च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसले की, ॲक्रिडीन रंगाच्या द्रावणातील सूक्ष्मजीव उजेडात लवकर मरतात. पुढे यातूनच 'फोटोडायनॅमिक थेरपी' उभी राहिली. रक्तातील रंगद्रव्यापासून बनवलेल्या फोटोफ्रिनला 1993 मध्ये कॅनडात मान्यता मिळाली. जपानमध्ये हरितद्रव्यापासून तयार केलेले टॅलापोर्फिन वापरले जाते.

या उपचारात रंगद्रव्य, प्रकाश आणि ऑक्सिजन तिन्ही लागतात. औषध शिरेतून देऊन ठरावीक वेळाने फक्त गाठीवर लेझरचा प्रकाश सोडतात. लाल प्रकाशही शरीरात जेमतेम सेंटिमीटरभर पोहोचतो. त्यामुळे त्वचा, तोंड, अन्ननलिका अशा प्रकाश पोहोचू शकणाऱ्या जागी, मुख्यतः लहान गाठींवर त्याचा उपयोग होतो. हळदीतील कर्क्युमिन निळा प्रकाश शोषते आणि तो आणखी उथळ जातो. कर्क्युमिन हे कॅन्सरवरील मान्यताप्राप्त औषध नाही. हळदीचे दूध पिणे म्हणजे हा उपचार नव्हे.

यात आपल्या जिल्ह्याचाही एक प्रश्न आहे. फोटोफ्रिन घेतल्यावर किमान 30 दिवस उन्हापासून दूर राहावे लागते, नाहीतर त्वचा भाजते. पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड कामगाराने महिनाभर सावलीत बसायचे, तर घर कसे चालणार? असे उपचार गरिबांपर्यंत आणायचे, तर बुडणाऱ्या मजुरीचाही विचार करावा लागेल.

मित्रांनो, तोवर आपल्या हातात बरेच आहे. तंबाखू, गुटखा, मिश्री सोडवणे हे पहिले काम. तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर रुग्णाला सरकारी रुग्णालयात तपासणीला न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरील उपचारांचा समावेश आहे. कॅन्सर बरा करण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास 1954 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, हेही लोकांना सांगा. खोट्या मेसेजवर विसंबून गेलेले महिने रुग्णाला परत मिळत नाहीत.