मिडीच्या बरणीमागचे झाड

आमच्या घरात लोणच्याच्या बरण्या दोन. एक माझी, मोहरी फेसून घातलेल्या कैरीच्या फोडींची. दुसरी सासूबाईंची, देठासकट अख्ख्या मिडींची. सासूबाई शिरसीच्या. मिडी म्हणजे कोवळी बाळकैरी, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पण त्यांची मिडी साधी नव्हे, अप्पेमिडी. अघनाशिनी, शरावतीच्या काठी रानात आपसूक वाढलेल्या आंब्यांची. एखाद्या झाडाच्या चिकाला तर चक्क जिऱ्याचा वास! मिठात नीट मुरली की वर्षानुवर्षे टिकते.

गेल्या वर्षी त्यांच्या माहेराहून आलेली मिडी वेगळीच निघाली. दोन महिन्यांत मऊ पडली. फोन केला तेव्हा कळले, नेहमीचे झाडच राहिले नाही. मिडी काढणाऱ्यांनी फांद्याच तोडून खाली आणल्या आणि झाड वठले. सासूबाई कानडीत एवढेच म्हणाल्या, "ती चव गेली गं."

मला वाटले, आंबाच तो, दुसरे झाड मिळेल. पण कोयीपासून आलेले झाड आईसारखेच निघेल असे नाही. ज्या त्या झाडाची चव त्याच्यापाशीच. शिवाय मिडी काढायची ती कोवळीच. सगळीच उतरवली तर कोय तयार कधी होणार आणि रोप उगवणार कधी? १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या लिंगनमक्की धरणाखाली शरावतीचे रान बुडाले, ते वेगळेच.

धोक्यातल्या जातींची आययूसीएनची जागतिक लाल यादी आहे. तिच्यात आपला आंबा 'अपुरी माहिती' या गटात आहे. तिथे नोंद होते ती जातीची. अप्पेमिडीचे एखादे झाड गेले तर यादीला पत्ताही लागत नाही. त्याच यादीत बोर्निओचा 'कस्तुरी' आंबा मात्र रानातून नामशेष म्हणून नोंदला आहे. तो उरला, तो माणसांनी लावून जपला म्हणून.

आपल्यालाही तेच करता येईल. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने अप्पेमिडीचे अनेक प्रकार जमवून जपले आहेत. शिरसी-सागर भागात कलमेही बांधतात. चांगल्या झाडाची काडी खुंटावर बांधली की तीच चव पुढे चालते. पावसाळ्यात आम्ही एक कलम आणून परसात लावले. सासूबाई रोज सकाळी आधी त्याच्याकडे जातात, मग चहाकडे.

तुम्हीही मिडी घेताना विकणाऱ्याला एक विचारा: मिडी झाडावर चढून खुडली, की फांदी तोडून?