ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन : नकाशावर लांब, विमानाने जवळ

भिंतीवरच्या जगाच्या नकाशात नॉर्वेच्या उत्तर टोकापासून स्वालबार्ड बेटांपर्यंत बोट नेलं, की हा प्रवास चार-पाच तासांचा तरी असणार असं वाटतं. प्रत्यक्षात उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो आणि स्वालबार्डवरचं लाँगइयरब्येन या विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे ९६० किलोमीटर आहे. मुंबई-दिल्ली त्याहून जास्त, साधारण ११४० किलोमीटर. फसवतो तो नकाशा. शाळा-कचेऱ्यांत टांगलेल्या मर्केटर पद्धतीच्या नकाशात विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतसं सगळं ताणलं जातं. या वाटेच्या मध्यावर, ७४ अंश उत्तरेला, तर साडेतीन पटींहून जास्त. दोरा लावून अंतर मोजायची हौस असेल तर पृथ्वीच्या गोलावर मोजावं.

मग ९६० भागिले ८०० केलं, की सव्वा तास? तेही नाही. ताशी ८०० किलोमीटर हा वेग विमान उंचीवर पोहोचल्यानंतरचा. वेळापत्रकात सुमारे १ तास ४० मिनिटं दिसतात, कारण विमान जागेवरून हललं तेव्हापासून उतरून थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. पंखांवरचा बर्फ काढायचा असला, तर आणखी उशीर.

दुसरा पक्का समज अंधाराचा. लाँगइयरब्येनला ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, म्हणजे विमानंही बंद असणार! मुळीच नाही. १९७५ साली सुरू झालेल्या या विमानतळावर हिवाळ्यातही नियमित उड्डाणं असतात. रात्रीच्या अंधारात विमानं मुंबईतही उतरतातच. खरी अडचण धुकं आणि वारा. आणि इथे तिला वेगळं वजन आहे, कारण जवळपास दुसरा मोठा विमानतळ नाही. उतरता आलं नाही, तर थेट मुख्य भूमीकडे परत फिरायचं. तिकिटावर पावणेदोन तास असलेल्या प्रवासात तीन-साडेतीन तास हवेत काढून तुम्ही पुन्हा ट्रोम्सोलाच!

दोन्ही टोकं नॉर्वेची, तेव्हा हा देशांतर्गत प्रवास, असंही अनेकजण धरून चालतात. पण स्वालबार्ड युरोपच्या सामाईक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. निघताना आणि परतताना पासपोर्ट तपासणी होते. खुद्द स्वालबार्डला व्हिसा लागत नाही; मात्र शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत यायचं असल्याने भारतीय प्रवाशाला किमान दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागतो. प्रवास देशांतर्गत समजण्याची ही चूक धुक्यापेक्षा महागात पडते.

अंतर आणि वेळ यांचा संबंध किती तुटू शकतो, ते या प्रवासाच्या पुढच्या टप्प्यावर दिसतं. लाँगइयरब्येनपासून न्यू-ओलेसुंड अवघं ११० किलोमीटर, छोट्या विमानाने वीस-पंचवीस मिनिटं. भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८पासून तिथेच आहे आणि त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. पण दोन गावांना जोडणारा रस्ता नाही, विमान आठवड्यातून मोजक्याच वेळा जातं, आणि हवा बिघडली की तेही थांबतं. या पंचवीस मिनिटांसाठी कधीकधी दिवसच्या दिवस थांबावं लागतं.

तेव्हा या मार्गाचं तिकीट काढताना किलोमीटर मोजत बसू नका. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी निदान एक दिवस मोकळा ठेवा आणि व्हिसावर किती प्रवेश लिहिले आहेत, ते निघण्यापूर्वी वाचा.