जिम काढायची की बॅच? आधी हे गणित बघा

"सर, गावात जिम टाकू का?" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी कर्जाचा फॉर्म भरण्याआधी पाच मिनिटं काढून हे वाचा.

ग्राहक पैसे भरतो, पण येतो का?

अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबच्या नोंदी डेलाविन्या आणि माल्मेंडियर या अर्थतज्ज्ञांनी तपासल्या. २००६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे एका फेरीला १७ डॉलरहून जास्त! तिथेच १० डॉलरला एक फेरी, असा दहा फेऱ्यांचा पासही मिळत होता.

न येणाऱ्या सभासदाचे पैसे मिळतात, हे खरं. पण छोट्या गावात न आलेला माणूस पुढच्या वर्षी नूतनीकरण करत नाही. वर चार जणांना सांगतो, "पैसे वाया गेले."

जिमचा महिन्याचा हिशोब

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या भागाचे टाकून बघा:

- जागेचं भाडं: ४०,०००
- ट्रेनर: ३०,०००
- लाइट बिल, सफाई: १५,०००
- १५ लाखांच्या कर्जाचा हप्ता (११ टक्के, ५ वर्षं): सुमारे ३२,६००

एकूण १,१७,६००. महिन्याची फी ८०० धरली, तर १४७ सभासद झाले की फक्त खर्च निघतो. तुमचा पगार अजून यात नाही!

जानेवारीत वार्षिक फी गोळा होते आणि गल्ला भरल्यासारखा वाटतो. पण ते पैसे बारा महिन्यांच्या सेवेचे आहेत. मार्चमध्ये नवीन मशीन घेतलं, की पावसाळ्यात भाड्याची पंचाईत होते.

लोक एकमेकांसाठी येतात

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, आणि तो जगभर पोहोचला. त्याला मशीन लागलं नाही. ठरलेली वेळ आणि "काल का नाही आलात?" असं विचारणारी माणसं लागली.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास, भरभर चाललं तरी चालतं. सोबत दोन दिवस स्नायूंचे व्यायाम.

मग सुरुवात कुठून?

१. आधी प्रशिक्षण घ्या. कुणाचा गुडघा दुखावला, तर नाव तुमचंच जाईल.

२. सोसायटीचा हॉल किंवा शाळेचं मैदान सकाळी तासभर रीतसर परवानगीने घ्या.

३. २५ जणांची बॅच, फी ६००. महिन्याला १५,००० जमा. त्यातून जागेचं शुल्क वजा करा.

४. रोज हजेरी लिहा. तीन दिवस न आलेल्याला फोन करा.

५. सहा महिन्यांनी बघा, किती जण टिकले? तीन बॅच भरून वाहायला लागल्या, की मग मशीनचा विचार करा.

जिम वाईट धंदा नाही. पण ग्राहक जोडण्याआधी हप्ता जोडू नका. आज वहीत तुमच्या भागातलं भाडं लिहा आणि १४७ च्या जागी तुमचा आकडा काढा. तेवढी माणसं तुमच्या गावात रोज पहाटे उठतात का, ते स्वतः जाऊन मोजा.