आधी विचारा, मग सांगा

मैत्रिणींनो, कुणी स्वतः काढलेला फोटो आपल्यासमोर धरला की आपण काय म्हणतो? एकतर "अय्या, मस्तच!" नाहीतर "हे काय गं, किती अंधार!" मीही इतकी वर्षं तेच करत आले. पण माझ्या अशाच एका वाक्याने काय झालं, ते आज तुम्हाला सांगायचंय.

आमच्या महिला मंडळाने गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक नवीन टूम काढली. मोबाईल आता सगळ्यांच्याच हातात आहे. तेव्हा प्रत्येकीने आपल्या घरातला एक फोटो काढायचा, स्टुडिओतून धुऊन आणायचा आणि हॉलमध्ये दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लावायचा. वीसेक जणींनी फोटो आणले. कुणाची तुळस, कुणाची नात, कुणाच्या दारातली शेळी. तिळगूळ देता-घेता सगळ्या दोरीपाशी रेंगाळत होत्या.

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक वहिनी आहेत. त्यांनी सासूबाईंचा फोटो लावला होता. परसदाराच्या उंबऱ्याशी परात घेऊन भाकरी थापत बसलेल्या. मी मंडळाची जुनी कार्यकर्ती, त्यामुळे सगळ्यांत आधी बोलायचा मान माझाच! मी म्हटलं, "अहो वहिनी, डोकंच कापलंत की सासूबाईंचं! आणि केवढा अंधार! पुढच्या वेळी नीट काढा हं." चारचौघी हसल्या. वहिनीही हसल्या. वाण घेऊन लवकर निघून गेल्या, फोटो दोरीवरच राहिला. तो मी बाकीच्या फोटोंबरोबर मंडळाच्या फाईलीत घातला.

फेब्रुवारीच्या बैठकीला वहिनी आल्या नाहीत. मार्चलाही नाहीत. मला वाटलं, लग्नसराईचं शिवण असेल. चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला गेले, तेव्हा त्यांच्या लेकीने सांगून टाकलं, "काकू, आईने फोटो काढणं बंद केलंय. मोबाईलमधले होते तेही पुसून टाकले." माझ्या पोटात धस्स झालं.

वहिनी चहा टाकायला उठल्या, त्यांना म्हटलं, "बसा हो. मला एवढंच सांगा, तो फोटो तुम्हाला का काढावासा वाटला?" जानेवारीतच विचारायला हवा होता तो प्रश्न! वहिनी म्हणाल्या, "ताई, मला सासूबाईंचा चेहरा नकोच होता. चेहऱ्याचे फोटो आहेत हो, लग्नातले. मला त्यांचे हात हवे होते. हात थरथरायला लागलेत त्यांचे. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार. थापतायत तोवर जपून ठेवावेत म्हटलं."

म्हणजे बघा, ज्याला मी चूक म्हणाले ती चूक नव्हतीच. डोकं त्यांनी मुद्दाम सोडलं होतं. अंधाराचं मात्र माझं बरोबर होतं. पण "केवढा अंधार" म्हणून कुणाला काय कळणार? अंधार कशामुळे, आणि काय केलं म्हणजे जाईल, ते मी सांगितलंच नव्हतं. खरं सांगू? मलाही ते ठाऊक नव्हतं. मग गावातल्या स्टुडिओवाल्या दादांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "सासूबाईंच्या मागे उघडं दार होतं. मोबाईल त्या दारातल्या उजेडाचा हिशोब धरतो आणि पुढचा माणूस काळा करून टाकतो. दार मागे घेऊ नका, बाजूला घ्या. फोटो काढण्याआधी पडद्यावर हातांवर बोट टेकवा, म्हणजे तो हातांचा उजेड धरेल. बोटांनी चिमटीत ताणून मोठं करू नका, त्याने फोटो फुटतो. त्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. आणि हो, काच पुसून घ्या. तेलकट बोटांनी फोटो धुरकट येतात." किती साध्या गोष्टी! यातली एक जरी मी तेव्हा सांगितली असती तर वहिनींचे तीन महिने वाया गेले नसते.

तेव्हापासून आमच्या मंडळात फोटो पाहायची रीत आम्ही ठरवली आहे. आधी फोटो काढणारीला विचारायचं, "तुला यात काय दाखवायचं होतं?" मग आपली नजर पहिल्यांदा कुठे गेली ते सांगायचं. "नातीच्या आधी मला मागचा लाल ड्रमच दिसला" असं म्हटलं की तिचं तिलाच कळतं. मग काय आवडलं ते नेमकं सांगायचं. नुसतं 'छान' नाही. "शेळीच्या डोळ्यांपर्यंत खाली वाकून काढलास ना, म्हणून छान वाटतो," असं. आणि शेवटी सुधारणा एकच सांगायची, तीही पुढच्या वेळी करता येईल अशी. घर वाकडं दिसतंय, डोक्यातून विजेचा खांब उगवलाय, माणूस अगदी मधोमध आलाय, हे सगळं एकदम सांगितलं तर बिचारी मोबाईलच ठेवून देईल.

आता ऐकून घेण्याचं. ते तर त्याहून अवघड! त्याच दोरीवर माझाही फोटो होता, बचत गटाच्या बायकांचा. पुढच्या बैठकीत मी तो पुन्हा लावला आणि वहिनींनाच म्हटलं, "सांगा." त्या जरा घुटमळल्या, मग म्हणाल्या, "ताई, सगळ्या शाळेत हजेरीला उभ्या केल्यासारख्या दिसतायत. काम करताना काढला असतात तर?" लगेच माझ्या तोंडून निघालं, "अहो पण ऊन होतं, घाई होती, साहेब यायचे होते..." सगळ्या हसल्या, आणि मी गप्प बसले.

आपलं असं का होतं? मला वाटतं, आपण रोज ताटावरून ऐकतो. "आमटी आज बिघडली" म्हटलं की ते आमटीपुरतं राहत नाही, आपल्यावरच येतं. मग एकतर आपण मनाला लावून घेतो, नाहीतर सबबी पुढे करतो. फोटोच्या बाबतीत तेवढं सोडायला शिकूया. फोटो चुकला म्हणजे आपण चुकलो नाही. समोरची बोलेपर्यंत थांबायचं, मग "कुठे गं?" "म्हणजे काय करू?" एवढंच विचारायचं. आणि घरी जाऊन ठरवायचं, पटलं तर घ्यायचं. सगळ्यांचंच ऐकलं पाहिजे असंही नाही. वहिनींनी माझं ऐकून सासूबाईंचं डोकं फोटोत घेतलं असतं, तर त्यांचे हात एवढे मोठे दिसलेच नसते!

होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९१३ साली नवसारीत जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची ओळख, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते यजमानांच्या, माणेकशांच्या नावाने. आज आपल्या गावातली बाई स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावून फोटो टांगते, ही साधी गोष्ट नाही. तिला 'मस्तच' म्हणून वाटेला लावणं काय किंवा हसणं काय, दोन्ही सारखंच.

वहिनींनी मे महिन्यात फोटो पुन्हा काढला. दार बाजूला घेऊन. पिठाने माखलेली बोटं, बांगडी, हातावरची शीर न् शीर दिसते. पण सासूबाईंना आता मोठी भाकरी जमत नाही, परातीत तळहाताएवढीच भाकरी आहे. जानेवारीतली परातभर भाकरी माझ्या फाईलीतल्या त्या एकुलत्या एका अंधाऱ्या फोटोतच उरली आहे. तो मी वहिनींना नेऊन दिला. त्यांनी दोन्ही फोटो एकाच फ्रेममध्ये शेजारी शेजारी लावलेत. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगतात, "हे माझे हात. सुनेनं काढलेत."