हवालदाराचे गुडघे

माझे वडील मुंबईत हवालदार होते. गणपतीत बारा-बारा तास उभ्यानं बंदोबस्त. घरी आले की आई गरम पाण्याची बादली पुढे सरकवी. त्यांच्या गुडघ्यांची विचारपूस ती तेवढीच! म्हणूनच इंग्लंडातल्या हॅरोगेटची हकिगत वाचताना मला वडील आठवले.

कॅथरिन गर्नी या बाईंनी १८९० साली होव्ह इथं पोलिसांसाठी आरोग्यधाम काढलं. पुढे उत्तरेत हॅरोगेटला. आज उत्तर इंग्लंड, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंडमधले पोलीस पगारातून थोडी वर्गणी देतात आणि त्यातून जायबंदी सांध्यांवर, खचलेल्या मनांवरही उपचार होतात. एकेकट्या दलाला हे झेपलं नसतं.

२०१६ साली देवनार ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली. बातमी ऐकून निवृत्त वडिलांनी एवढंच विचारलं, "माणसं कुठून आणणार?"