वर पडणारे पाणी

परवा माझ्या धाकट्या मुलीने विज्ञानाचे पुस्तक माझ्यापुढे आणून आदळले. "बाबा, तुम्ही मराठी शिकवता ना? मग सांगा. ऊर्ध्व म्हणजे वर आणि पातन म्हणजे पाडणे. वर कसे पाडायचे?"

वीस वर्षे महाविद्यालयात समास सोडविणारा मी क्षणभर गप्प झालो. पाण्याची वाफ करून ती निववावी, की शुद्ध पाणी मिळते, एवढे मला ठाऊक होते. शब्दाकडे मात्र मी कधी डोळे उघडून पाहिलेच नव्हते.

हा शब्द आपल्याला मिळाला तो रसशास्त्राकडून, म्हणजे पाऱ्याच्या विद्येकडून. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात पातनाचे तीन प्रकार येतात : ऊर्ध्व, अधः आणि तिर्यक्. पारा उडून वरच्या भांड्याला जाऊन लागला तर ऊर्ध्वपातन. खालच्या पात्रात उतरला तर अधःपातन. तिरक्या नळीतून शेजारच्या घड्यात गेला तर तिर्यक्पातन. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात चंबूला जोडलेली नळी तिरकीच असते; म्हणजे खरे तर ते तिर्यक्पातन! पण नाव पडले ते पडले.

यातले डमरूयंत्र मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. माझे आजोबा वैद्य होते. एकावर एक उपडे घातलेले दोन सारखे मातीचे घडे, तोंडाला तोंड लावून कापडमातीने लिंपलेले; आकार थेट डमरूचा. खालच्यात हिंगूळ, त्याखाली जाळ. वरच्याच्या बुडावर ओले फडके. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. तापले की पारा सुटून वर जातो आणि थंड बुडाला आतून बारीक थेंबांनी चिकटतो. यंत्र निवले की आजोबा ते थेंब फडक्याने पुसून गोळा करीत. तो चांदीचा चुरा पाहायला आम्ही मुले भोवती कोंडाळे करून बसायचो.

उतारवयात आजोबांचे हात कापू लागले. वाटीतला चहा बशीत सांडे. घरात सगळे म्हणत, वय झाले. पाऱ्याची वाफ वर्षानुवर्षे छातीत गेली की हात असेच कापतात, हे मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचले. त्या दिवशी माझे पुस्तकात लक्ष लागले नाही.

परदेशात या विद्येची आद्य आचार्या एक बाई होती, हे वाचून आमच्या सौभाग्यवतींना विशेष आनंद झाला. अलेक्झांड्रियाची मारिया ही ज्यू स्त्री इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांदरम्यान केव्हा तरी होऊन गेली. तिचे ग्रंथ उरले नाहीत; इ. स. ३००च्या सुमारास इजिप्तमध्ये झोसिमोस नावाच्या किमयागाराने तिची वचने दिली, म्हणून ती आपल्याला कळते. तीन नळ्यांचे ऊर्ध्वपातनयंत्र तिने सांगितले. नळ्यांचे तांबे किती जाड हवे? हलवायाच्या तव्यापेक्षा किंचित जास्त! आणि सांधे कशाने बुजवायचे? पिठाच्या खळीने. प्रयोगशाळा स्वयंपाकघरातूनच निघाली, याला आणखी काय पुरावा हवा? गरम पाण्यात भांडे ठेवून मंद आच देण्याच्या पद्धतीला फ्रेंच लोक आजही मारियाचेच नाव देतात.

यंत्राच्या टोपणाला ग्रीक लोक 'अंबिक्स', म्हणजे पेला, म्हणत. अरबांनी त्याला 'अल्' जोडून 'अल्-अंबीक' केले, आणि युरोपने तेच उचलले. नवव्या शतकात अल्-किंदीने सुगंधी अर्क काढण्याच्या कृती लिहिल्या. अल्-राझीने उपकरणांची रीतसर वर्णने केली. 'अल्कोहोल' हा शब्दही अरबीच. त्याचा मूळ अर्थ मात्र डोळ्यांत घालायचा सुरमा. सुरम्यावरून दारूवर उतरलेला असा दुसरा शब्द माझ्या पाहण्यात नाही.

मला सर्वांत नवल वाटते ते अधःपातनाचे. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे जस्ताच्या जुन्या खाणी आहेत. जस्त ९०७ अंशांवर उकळते, आणि त्याची तापलेली वाफ हवेत आली की जळून राख होते. म्हणून तिथल्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी केल्या, त्यांना नळ्या बसवून त्या भट्टीत उलट्या टांगल्या आणि वाफ खाली थंड कोठीत उतरविली. एका भट्टीत ३६ मुशी! १९८० नंतरच्या उत्खननात त्या जागच्या जागी सापडल्या. 'रसरत्नसमुच्चया'तही ही वांग्यासारखी मूस आहे. इंग्लंडात विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले १७३८ साली, आणि त्याचीही वाफ खालीच उतरे.

एवढे सगळे ऐकून कन्यका म्हणाली, "मग आपण आजोबांचे डमरूयंत्र आणू या! गावी माळ्यावर आहे ना?"

मी नाही म्हटले, जरा मोठ्यानेच. तिचा चेहरा उतरला, तेव्हा तिला स्वयंपाकघरात नेले. चुलीवर पडवळाची भाजी शिजत होती. पातेल्यावर ताट आणि ताटात पाणी, जसे आपल्याकडे नेहमी ठेवतात. सौभाग्यवतींच्या परवानगीने ताट अलगद उचलून तिला खालची बाजू दाखविली. थेंबच थेंब लटकत होते.

"वर पडलेले!" ती ओरडली.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात हात वर करून विचारले, "बाई, चित्रातली नळी तिरकी आहे, मग हे तिर्यक्पातन ना?" बाई म्हणाल्या, "परीक्षेत ऊर्ध्वपातनच लिही."